बाटलीत ठेवलेली सुई

२४ जानेवारी

ताई,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. पत्ता आत्याने दिला. ती म्हणाली, "लिही बाई, पण उत्तराच्या आशेवर राहू नकोस. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडलेली असते."

आमच्या बेडकीला जाऊन महिना झाला. त्या दुपारी तू अंगातल्या नर्सच्या एप्रनसकट वॉर्डातून निघून गेलीस, त्यानंतर आपण एकमेकींना पाहिलेलं नाही. तिला पोचवायला सगळे जमले तेव्हा लोक विचारत होते, मुलीची मावशी कुठे दिसत नाही ती. मी सांगितलं, तिला बरं नाही. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे पुढे कोणी खोदून विचारलं नाही.

मी रागाने लिहीत नाही. एक गोष्ट विचारायची आहे आणि ती तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला विचारता येत नाही. आमची मुलगी कशाने गेली?

दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं आहे. पण न्यूमोनिया बरा झाला होता ना? शनिवारी राउंडला आलेले मोठे डॉक्टर तुझ्यासमोरच म्हणाले, "छाती स्वच्छ आहे, न्या घरी." तिने त्यांच्या गळ्यातली नळी ओढली तेव्हा ते हसलेसुद्धा. ती खाटेवर बसल्या बसल्या टुणटुण उड्या मारत पुढे सरकत होती. रांगली अशी ती कधीच नाही, म्हणून तर तू तिला बेडकी म्हणायला लागलीस. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "हिला कसला आजार? ही तर डॉक्टरांनाच तपासतेय."

मग तू म्हणालीस, "सोमवारपर्यंत राहू दे. उरलेली इंजेक्शनं माझ्या हाताने होऊ देत. घरी गेलं की ही औषध थुंकणार आणि तुम्ही दोघं चमचा घेऊन तिच्यामागे पळणार." ते खरंच होतं. आम्ही राहिलो. रविवारी संध्याकाळी तिला हुडहुडी भरून ताप आला. सोमवारी पाय गार पडले ते परत गरम झालेच नाहीत. मंगळवारी दुपारी ती गेली. त्या सगळ्या वेळात इंजेक्शनं तूच दिलीस, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाहीस.

शनिवारी बरी झालेली मुलगी मंगळवारी जाते, मध्ये काय झालं ते मला कोणी सांगत नाही. मी विचारलं की हे म्हणतात, "तुझ्या बहिणीला विचार." म्हणून विचारते आहे.

तुझा डबा आणि स्वेटर वॉर्डातल्या आयाबाईंनी आणून दिला. स्वेटर धुऊन ठेवला आहे.

धाकटी


११ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आलं नाही, पण इकडे थोडं कळलं आहे ते तुलाही कळायला हवं.

हॉस्पिटलने जंतूंचा तपास करायला बाहेरून एक डॉक्टरबाई बोलावल्या आहेत. त्यांनी आम्हा दोघांना भेटायला बोलावलं. खोली लहान होती आणि टेबलावर काचेच्या बशा एकावर एक रचलेल्या होत्या. बाईंनी त्या बाजूला सरकवल्या आणि सरळ सांगितलं, "तुमच्या मुलीच्या रक्तात जंतू होता. तिच्या छातीत होता तो हा नव्हे. हा इथला आहे, हॉस्पिटलमधला."

हे म्हणाले, "म्हणजे आम्ही तिला इथे बरी करायला आणली आणि मरण इथून घेतलं?"

"हो," बाई म्हणाल्या. काही सारवासारव केली नाही. भांडायच्या तयारीने गेलेल्या ह्यांना त्यामुळे भांडताच येईना.

त्याच सुमारास वॉर्डातली आणखी चार मुलं गेली होती. एकाला कावीळ होती, एकाला फिट्स यायच्या, एक जुलाबाने आलेलं आणि एक जन्मापासूनच कमी वजनाचं. बाई म्हणाल्या, "मूल ज्या आजाराने आलं त्याच आजाराने गेलं, असं प्रत्येकाच्या बाबतीत धरून चालले. कोणाला आश्चर्य वाटलं नाही. लहान मूल आजारी असलं की त्याच्या जाण्याचं कोणी फारसं आश्चर्य करत नाही." नंतर ठेवलेले नमुने तपासले तर पाचही जणांच्या रक्तात एकच जंतू.

त्यांनी नळ तपासले, गाद्या, साबण, नर्सेसचे हात, सगळं. शेवटी तो सापडला सलाइनच्या बाटलीत. त्या मला म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर तिथे बसायचात. पावडरचं इंजेक्शन कसं कालवायचे, आठवतं?"

मला आठवलं. औषधांच्या टेबलाच्या वर खिळ्याला मोठी बाटली उलटी टांगलेली असायची. तिच्या रबरी बुचात एक सुई कायम खुपसलेली. जी नर्स यायची ती आपली सिरिंज त्या सुईला जोडायची, हवं तेवढं पाणी ओढून घ्यायची, सुई तशीच ठेवून पुढे जायची. सकाळी लावलेली बाटली संपेपर्यंत चालायची, कधी दुसऱ्या दिवशीही. मला तर ते फार नेटकं वाटायचं. प्रत्येक वेळी पाण्याची काचेची कुपी फोडत बसायला नको.

बाई म्हणाल्या, "ती सुई म्हणजे बाटलीचं उघडं तोंड. एकदा कोणाच्या बोटावरून जंतू आत गेला की बाटलीत वाढत राहतो, आणि मग प्रत्येक इंजेक्शनाबरोबर थेट मुलाच्या रक्तात."

मी विचारलं, "कोणाच्या बोटावरून?"

"ते कधीच कळणार नाही. आणि खरं सांगू का, ते कळून उपयोगही नाही. सुई बाटलीत राहते आहे तोवर आज हिचं बोट, उद्या तिचं."

ताई, घरी आले आणि त्या दुपारी मला किती दिवसांनी झोप लागली. तू मुद्दाम काही केलं नव्हतंस. विसरली नव्हतीस, चुकली नव्हतीस. सगळ्या करत होत्या तेच तू करत होतीस. मी हे ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सगळ्यांनी केलं म्हणजे कोणीच केलं नाही, असं असतं का?" मी कणीक मळायला उठले. आमच्याकडे हल्ली बोलणं कमीच आहे.

तू पळून का गेलीस ते मात्र मला अजून कळत नाही.

धाकटी


३ मार्च

ताई,

आज माझ्या कामावर, चष्म्याच्या दुकानात, हॉस्पिटलचे मॅनेजर आले होते. चष्मा करायचा म्हणून आले. डोळे तपासायच्या खुर्चीत बसले, मी त्यांच्या नाकावर ती जड फ्रेम चढवली आणि तक्त्याकडे बघायला सांगितलं. शेठ काउंटरवर होते, त्यांना वाटलं गिऱ्हाईक आहे.

"तुमच्याशी जरा बोलायचं होतं," मॅनेजर हळूच म्हणाले.

"खालून तिसरी ओळ वाचा," मी म्हटलं.

त्यांनी ती वाचली. मग म्हणाले, "चौकशी समिती बसतेय चार एप्रिलला. तुम्ही आई, तुमचा शब्द मोठा. तुमच्या बहीणबाई न सांगता नोकरी सोडून गेल्या. कोणीही काय समजायचं ते समजणारच. तेव्हा त्यांच्या हातून हलगर्जी झाली एवढं जर तुम्ही…"

"हे बरं दिसतं की हे?" मी भिंग बदललं.

"हे. नाही, आधीचं. बघा, एक नाव पुढे आलं की बाकीच्या पंधरा-वीस मुलींच्या नोकऱ्या वाचतात. हॉस्पिटलचं नाव राहतं. आणि त्या तशाही परत येणार नाहीत, हो ना?"

"आणि बाटली?"

"कसली बाटली?"

"डोळा मिटू नका," मी म्हटलं. "त्या डॉक्टरबाईंनी सांगितलेली बाटली."

"त्यांचं काय, त्या बाहेरच्या. आज आहेत, उद्या नाहीत. त्यांना आमच्या कामाची पद्धत माहीत नाही." मग फ्रेममधून माझ्याकडे बघत म्हणाले, "ताई, आम्हालाही वाईट वाटतंच की."

मला ताई म्हणाले. मी कधी कोणाची ताई नव्हते. त्यांना जवळचा चष्मा लागला आहे, तो शुक्रवारी तयार होईल.

मी संध्याकाळी ह्यांना सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील. ते म्हणाले, "मग घे ना तिचं नाव. खोटं काय आहे त्यात? सोमवारपर्यंत राहा म्हणाली कोण? इंजेक्शन दिलं कोणी? पळाली कोण?" मी म्हटलं, तीन प्रश्नांची तीन उत्तरं खरी असली तरी मुलगी कशाने गेली याचं ते उत्तर नाही. ते म्हणाले, "तुला तिला वाचवायचंय." मी नाही म्हटलं. ते खरं की खोटं, मला माहीत नाही.

तू आलीस तर वॉर्डात काम कसं चालायचं ते तू सांगू शकशील. सगळ्या असंच करायच्या हे तुझ्याइतकं ठामपणे कोणी सांगणार नाही. नाही आलीस तर पाचही मुलं तुझ्या नावावर जातील. विचार कर.

धाकटी


१९ मार्च

ताई,

हे पत्र लहान आहे. आज पोस्टात टाकणार आहे, म्हणजे तुला वेळेत मिळेल.

मी वॉर्डात गेले होते. आयाबाईंनी निरोप पाठवला होता की बेडकीचं लोकरी टोपडं खाटेखाली सापडलं आहे. ते घ्यायला म्हणून गेले. आयाबाई मला बघून रडायला लागल्या, मग मीच त्यांना गप्प केलं. दाराशी नवीन पाटी लागली आहे, हात धुवा म्हणून. नळाखाली गुलाबी साबण आहे. नवीन चादरी आहेत. तिच्या खाटेवर दुसरं मूल होतं, मुलगा, त्याची आई त्याला कागदाची होडी करून दाखवत होती.

टेबलाच्या वर बाटली टांगलेली होती. बुचात सुई होती.

मी आयाबाईंना विचारलं, "हे काय?"

त्या म्हणाल्या, "काही दिवस बंद होतं हो. कुप्या फोडत बसायच्या. पण परवा गर्दी झाली, एका खाटेवर दोन-दोन, तेव्हा परत लावली. त्यांना दुसरं येतच नाही, पोरी काय करणार?"

तेवढ्यात एक नर्स आली. नवीन असावी, विशीतली. सिरिंज जोडली, पाणी ओढलं, सुई तशीच ठेवली आणि त्या मुलाच्या खाटेकडे गेली. चेहरा चांगला होता तिचा. मुलाला म्हणाली, "आता मुंगी चावणार हं, एकच." मी पुढे होऊन तिचा हात धरला. ती घाबरली. मोठ्या सिस्टर आल्या, त्यांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं आणि बाकावर बसवून पाणी दिलं. म्हणाल्या, "तुमचं दुःख आम्ही समजतो, पण वॉर्डात असं करायचं नाही." त्या मुलाला ते इंजेक्शन दिलं की नाही ते मला कळलं नाही.

चार एप्रिल, सकाळी, जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर. माझ्यासाठी येऊ नकोस. त्या बाटलीसाठी ये.

धाकटी


६ एप्रिल

ताई,

परवा तू आलीस आणि तशीच आत्याबरोबर गेलीस. तिथे काय झालं ते तुला माहीतच आहे. मी जिथे बसले होते तिथून ते कसं दिसलं ते लिहिते, कारण तोंडाने मला सांगता यायचं नाही.

तू यायच्या आधी त्यांनी मला विचारलं होतं, इंजेक्शन कोणी दिलं? मी सांगितलं, माझ्या बहिणीने. मॅनेजरांनी नवीन चष्म्यातून बघत मान डोलावली. मग मी बाटलीचं सांगायला लागले, तर मोठ्या सिस्टर मध्येच म्हणाल्या, "आमच्याकडे असं चालत नाही. या बाई दुःखात आहेत, त्यांना काहीतरी दिसलं असेल." भिंतीला लागून नर्सेस उभ्या होत्या, त्यांतली एकही वर बघेना. मला वाटलं, संपलं.

तेव्हा तू दारातून म्हणालीस, "चालतं. त्यांना सगळं बरोबर दिसलंय."

तू इतकी वाळली आहेस की आधी मी तुला ओळखलं नाही. आवाजावरून ओळखलं. मला फार हायसं वाटलं, ताई. मी मनात म्हटलं, आता ही सांगेल की सगळ्याच तसं करायच्या, आणि मला घरी जाऊन ह्यांना सांगता येईल, बघा, मी म्हणत नव्हते?

आणि तू म्हणालीस, "ही पद्धत मी पाडली."

मी पंख्याकडे बघत राहिले. तू बोलत होतीस ते मला लांबून ऐकू येत होतं. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात वॉर्ड असाच भरला होता, एका मुलाला फिट येत होती आणि तुझ्या हातातली कुपी नीट फुटेना, बोट कापलं, औषध पोचायला उशीर झाला. दुसऱ्याच दिवशी तू खिळा ठोकलास आणि बाटली टांगलीस. "तेव्हापासून एकाही मुलाचं औषध उशिरा गेलं नाही," तू म्हणालीस. अध्यक्ष म्हणाले, "मोठ्या सिस्टरना हे माहीत होतं?" तू म्हणालीस, "माहीत? त्या पाहुण्यांना आणून दाखवायच्या, आमचा वॉर्ड बघा किती चटपटीत. ह्या सगळ्या पोरींना मी शिकवलं. त्यांनी माझं ऐकलं, दुसरा त्यांचा गुन्हा नाही."

"तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय का?"

"साहेब, माझी भाची गेली आहे. न कळायला काय झालं?"

मग कोणी न विचारता तू ते सांगितलंस. मंगळवारी दुपारी, ती गेल्यावर, तू सवयीने पुढच्या मुलाचं औषध भरायला वळलीस आणि हात बाटलीकडे गेला. तिथेच तुला कळलं. सिरिंज खाली ठेवलीस आणि चालायला लागलीस. "तेव्हा मी सुई काढून टाकायला हवी होती," तू म्हणालीस. "मी फक्त स्वतःला तिथून काढलं. माझ्यानंतर सगळं तसंच चालू राहिलं. आता काढा."

बोलून झाल्यावर तू टेबलाची कड धरलीस तेव्हा ह्यांनी आपली खुर्ची तुझ्याकडे ढकलली. का, ते त्यांनाही सांगता येत नाही. घरी आल्यावर माझ्यावरच चिडले, "पडली असती तर तेही आपल्यावरच आलं असतं."

तू गेल्यावर जिन्यात त्या कावीळ झालेल्या मुलाचे वडील भेटले. गॅरेजमध्ये काम करतात, नखांत काळं वंगण होतं. त्यांनी मला विचारलं, "त्या बाई कोण लागतात तुमच्या?"

"बहीण. मोठी."

ते दोन पायऱ्या उतरले आणि परत वळले. मला वाटलं, आता हे तुला शिव्या देतील, आणि मी ऐकून घ्यायचं ठरवलं. ते म्हणाले, "मग तुमचं दोन्हीकडून गेलं हो." आणि उतरून गेले.

इतके आठवडे मी तुला आणि स्वतःला समजावत होते की तू फक्त सगळ्यांसारखं केलंस. आता ते मला म्हणता येत नाही. तू तिला दुसऱ्या कोणाच्या हाती दिलं नाहीस, म्हणून ती तुझ्याच हातून गेली. कोणाच्याही हाती दिली असतीस तरी तो हात तूच शिकवलेला होता. हे मी लिहून बघितलं, कारण मनात ठेवून मला काम करता येत नाही. काल एका म्हाताऱ्यांना उलट भिंग बसवून दिलं.

धाकटी


२ मे

ताई,

समितीचा निकाल आत्याच्या पत्त्यावर गेला असेल. तुझी नर्सची नोंदणी रद्द झाली, मोठ्या सिस्टरना दुसऱ्या वॉर्डात टाकलं, मॅनेजर आहेत तिथेच आहेत. हे म्हणाले, "ठरल्याप्रमाणे झालं." पण बाटली गेली. आयाबाई दुकानात येऊन सांगून गेल्या. आता प्रत्येक मुलाची कुपी वेगळी, वापरली की फेकायची. पोरी कुरकुरतात, म्हणतात दिवसभर काचाच वेचतो आम्ही. खिळासुद्धा उपटून काढला, तिथे भिंतीत भोक आहे म्हणाल्या.

मी तुला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. तूच दिलंस आणि सगळ्यांसमोर दिलंस. दुसरी कोणी असती तर तिने दिलं नसतं हे मला कळतं. कळतं, पण त्याने आत काही हललेलं नाही.

काल आत्याचा फोन आला होता. म्हणाली, तू विचारते आहेस, घरी येऊ का. मी तिला पत्राने कळवते म्हटलं, म्हणून आज लिहिते. येऊ नकोस. ह्यांच्यामुळे नाही, ते एखादे वेळी हो म्हणतील. मलाच जमणार नाही. तू दारात आलीस की तू माझी ताई असशील, मी तुझ्या गळ्यात पडेन, आणि मग रात्री मला माझंच तोंड बघवणार नाही. हे कायमचं आहे असं मी म्हणत नाही. कधीपर्यंत ते मला सांगता येत नाही, आणि सांगता येत नसताना खोटी तारीख देणार नाही.

पत्र लिही. मोठं नको, चार ओळी पुरेत, मी वाचेन. आत्या सांगत होती की ताट तसंच परत जातं. तसं करू नकोस. ती म्हातारी आहे, तिला वाढायचं आणि उचलायचं दोन्ही होत नाही. जेवत जा.

धाकटी